संगणक सुरू होत नाही तेव्हा
(भिवंडीतील वसतिगृहात विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)

मुलामुलींनो, मागच्या आठवड्यात आपला संगणक सुरू होईना. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे राहिले होते. शेवटी ज्या मुलीनं बटण दाबलं, ती रडत होती, "माझ्या हातून बिघडला." तिनं काहीच बिघडवलं नव्हतं.

पाड्यावर पंप बंद पडला की आपण आधी फ्यूज पाहतो. इथंही तसंच. आधी बोर्डात वीज आहे का, मागची वायर घट्ट आहे का, हे पाहा. पंखा फिरतोय पण पडदा काळा, तर मॉनिटरची वायर तपासा. आतून पीप-पीप आवाज येत असेल, तर बहुधा रॅमची पट्टी नीट बसलेली नसते. भिवंडी यंत्रमागांचं शहर. कापसाचे तंतू आत जाऊन साचतात.

प्लग काढा. बटण दहा सेकंद दाबून धरा. डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. मग रॅम काढून तिची सोनेरी कडा खोडरबरानं हलकेच पुसा आणि 'टक्' होईपर्यंत बसवा. मात्र वीजपुरवठ्याचा बंद डबा कधीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात धोकादायक वीज साठलेली असते.

आपली रॅम त्याच मुलीनं बसवली. अर्ज संध्याकाळी गेले. "तुम्हाला यातलं काय कळतं?" हे ऐकत आपण वाढलो, म्हणून यंत्र अडलं की स्वतःलाच दोष देतो. यापुढे आधी वायर तपासा.