उचललेला कचरा आणि टाळलेला कचरा

(व्याख्यानाचा मजकूर)



सार्वजनिक स्वच्छता हा विषय महाराष्ट्राला नवा नाही. संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात पाऊल ठेवताच हातातील खराट्याने वाट झाडू लागत आणि दिवसा झाडलेल्या त्याच गावात रात्री कीर्तन करीत. ज्या मातीच्या भांड्यावरून लोक त्यांना ओळखू लागले, ते गाडगे हेच त्यांचे जेवणाचे पात्रही होते. खराटा सर्वांच्या स्मरणात राहिला. गाडग्याचा अर्थ मात्र मागे पडला. आजच्या व्याख्यानाचा विषय या दोन्ही वस्तूंशी निगडित आहे. पडलेला कचरा उचलणे ही खराट्याची बाजू, आणि कचरा मुळात होऊ न देणे ही गाडग्याची.

पहिल्या बाजूचे ठळक उदाहरण मुंबईत घडले. वर्सोव्याचा समुद्रकिनारा सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा. २०१५ साली त्या परिसरात राहावयास आलेले वकील अफरोज शाह यांना घरासमोर वाळूऐवजी प्लॅस्टिकचे थर दिसले. कोणाकडे अर्ज न करता त्यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये ८४ वर्षांच्या एका शेजाऱ्यांना बरोबर घेऊन स्वतःच्या हातांनी कचरा उचलण्यास प्रारंभ केला. हळूहळू कोळी बांधव, विद्यार्थी, नोकरदार, गृहिणी अशी माणसे जोडली गेली आणि आठवडाअखेरचे हे काम अखंड चालू राहिले. पहिल्या दोन वर्षांतच ५० लाख किलोंहून अधिक कचरा तेथून हलविण्यात आला. २०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. पुढे मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. तेथे हे दृश्य सुमारे दोन दशकांनंतर दिसत होते.

या कथेचा एवढाच भाग सहसा सांगितला जातो. दुसरा भाग कमी आनंदाचा असला तरी अधिक शिकविणारा आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये, १०९ आठवड्यांनंतर, हे काम काही काळ थांबले. स्वयंसेवकांना उपद्रव होत होता आणि गोळा केलेला कचरा वेळेवर उचलून नेला जात नव्हता. काम पुन्हा सुरू झाले. परंतु दर पावसाळ्यात भरतीच्या लाटा किनाऱ्यावर नवा कचरा आणून टाकीतच राहिल्या. मालाडच्या खाडीचे मुख वर्सोव्याजवळ आहे. उपनगरांतील गटारांत आणि नाल्यांत पडलेली पिशवी खाडीवाटे समुद्रात जाते आणि भरतीबरोबर किनाऱ्यावर परत येते. म्हणूनच शाह आणि त्यांचे सहकारी पुढे मिठी नदीकडे आणि तिच्या काठच्या वस्त्यांकडे वळले. किनारा कितीही वेळा साफ केला तरी कचऱ्याचे उगमस्थान घराघरांतच आहे, हे त्यांच्या कामातूनच स्पष्ट झाले.

नाल्यांची ही गोष्ट मुंबईकरांना त्यापूर्वीही एकदा कळली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर बुडाले. एवढ्या पावसापुढे कोणतीही गटारे अपुरीच पडली असती. पण प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबलेल्या नाल्यांनी संकटात भर घातली, ही गोष्ट तेव्हा सर्वांनी मान्य केली. पुढच्याच वर्षी राज्यात ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांना प्रतिबंध करणारे नियम झाले. पिशव्या मात्र बाजारात मिळतच राहिल्या.

स्वच्छता मोहिमांबाबत एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे अगत्याचे आहे. बहुतेक मोहिमा सकाळी सुरू होतात आणि छायाचित्रे निघाली की संपतात. नवे झाडू येतात, टोप्या वाटल्या जातात, आणि स्वयंसेवकांच्या अल्पोपाहारासाठी खोकी व पाण्याच्या छोट्या बाटल्याही येतात. मोहीम संपल्यावर त्याच मैदानात त्या बाटल्या पडलेल्या असतात. गोळा केलेली पोती वाहून नेण्याची व्यवस्था आधी केलेली नसेल, तर दोन दिवसांत कुत्री आणि गुरे ती पोती फाडतात व कचरा होता त्यापेक्षा अधिक पसरतो. तेव्हा मोहिमेचा पहिला प्रश्न स्वयंसेवक किती येतील हा नसून गाडी केव्हा येईल आणि माल कोठे उतरवील, हा आहे.

दुसरा प्रश्न मोजणीचा. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या किनाऱ्यावर १९८६ साली जी स्वच्छता मोहीम झाली, तिच्यात कचरा नुसता उचलला नाही, तर प्रत्येक वस्तूची कागदावर नोंद करण्यात आली. त्यातूनच दरवर्षी सप्टेंबरात होणारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम उभी राहिली आणि अनेक देशांतून अशा नोंदी जमू लागल्या. वजनाचा आकडा वर्तमानपत्रात शोभून दिसतो, पण त्यावरून पुढे काय करावे हे कळत नाही. बाटल्या किती, चहाचे पेले किती, वेफर्स व गुटख्याची पाकिटे किती, हे कळले तर कोणाच्या दारात जाऊन बोलायचे तेही कळते.

अशी नोंद करणाऱ्यास एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. कचरावेचक भगिनी जे उचलतात ते किनाऱ्यावर आणि रस्त्यावर फारसे उरत नाही. पाण्याच्या बाटलीला भंगारात भाव मिळतो, म्हणून ती निदान वस्तीच्या जवळपास तरी उचलली जाते. पातळ पिशवीचे वजन नगण्य. शेकडो गोळा कराव्या तेव्हा कोठे किलो भरतो. वेफर्सच्या पाकिटात प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांस चिकटविलेले असतात. ते वेगळे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला ते घेत नाही आणि वेचकही उचलत नाहीत. ‘कागदी’ म्हणविल्या जाणाऱ्या चहाच्या पेल्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो धड कागदात जात नाही की प्लॅस्टिकात. दुधाच्या पिशवीचे उदाहरण तर घरोघरचे आहे. पिशवी धुऊन ठेवली तर तिला भाव येतो. तिचा कापून वेगळा केलेला कोपरा मात्र कायमचा हरवतो. कोपरा पूर्ण न कापता केवळ चीर दिली तर तो पिशवीसोबतच राहतो. एवढ्या लहान गोष्टीला खर्च लागत नाही आणि कायदाही लागत नाही.

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही वेचकांची संघटना स्थापन झाली आणि तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. घरोघर जाऊन वर्गीकृत कचरा घेणाऱ्या या भगिनींच्या हातून जे सुटते, तेच पुढे नाल्यात दिसते. शहराचा कचरा त्या कष्टांवर कमी होतो, ही बाब सत्कार-समारंभांत क्वचितच नोंदली जाते.

येथे जैन श्रावकाचाराचा एक विचार सहज आठवतो, आणि तो या विषयाला अगदी नेमका लागू पडतो. ‘भोगोपभोग-परिमाण’ व्रतात वस्तूंचे दोन वर्ग सांगितले आहेत. अन्न, फुले, विलेपन यांसारख्या, एकदाच उपयोगात येऊन संपणाऱ्या वस्तू म्हणजे भोग. वस्त्र, शय्या, भांडी यांसारख्या, पुन्हा पुन्हा उपयोगात येणाऱ्या वस्तू म्हणजे उपभोग. काही ग्रंथांत यांनाच अनुक्रमे उपभोग आणि परिभोग अशी नावे आहेत. भेद मात्र तोच. दोन्हींना मर्यादा घालावयाची असते. गेल्या काही दशकांत एक विलक्षण गोष्ट घडली आहे. थाळी, पेला, चमचा, पिशवी या शतकानुशतके दुसऱ्या वर्गात असलेल्या वस्तू कोणाच्याही लक्षात न येता पहिल्या वर्गात जाऊन बसल्या. अन्न संपते, तसा अन्नाचा पेलाही ‘संपू’ लागला. फरक इतकाच, की अन्न खरोखर संपते आणि पेला संपत नाही. वस्तूंची मर्यादा घालणाऱ्यांनी पेल्यांची मर्यादा मोजावी, असे यापूर्वी कोणास सुचण्याचे कारणच नव्हते.

हजार माणसांच्या एका भोजनाचा हिशेब करून पाहावा. प्रत्येकी एक थाळी, दोन द्रोण, एक चमचा आणि दोन वेळा पाण्याचा पेला असे धरले, तरी एका पंगतीत सहा हजार वस्तू होतात. त्यांचा उपयोग अर्ध्या तासाचा. पन्नास वर्षांपूर्वी अनेक संघांकडे स्वतःची पितळी आणि स्टीलची भांडी असत. त्यांवर दात्याचे नाव व तिथी कोरलेली असे. लग्नकार्यासाठी ती नाममात्र भाड्याने मिळत आणि परत घेताना नग मोजून घेतले जात. आजही कित्येक ठिकाणी ती भांडी कुलूपबंद खोलीत पडून आहेत आणि खोलीच्या बाहेर मंडपात थर्माकोलच्या थाळ्यांची चळत उतरत आली आहे.

यावर घेतला जाणारा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. भांडी घासण्यास पाणी लागते, आणि पाण्याच्या अपव्ययात अप्कायिक जीवांची विराधना आहे. म्हणून फेकून देण्याची थाळीच बरी, असे काही जण प्रामाणिकपणे म्हणतात. परंतु त्याच परंपरेत या आक्षेपाचे उत्तरही आहे. ताटात उष्टे न टाकणे आणि जेवण झाल्यावर थाळीत थोडे पाणी घेऊन ती धुऊन ते पाणी पिणे, ही रीत अनेक घरांत आणि आयंबिलशाळांत आजही पाळली जाते. अशी थाळी घासण्यास पाणी कितीसे लागणार? पाण्याच्या माठात उष्टा पेला न बुडविता ओगराळ्याने पाणी घेणे आणि पेला पुसून कोरडा ठेवणे, ही सवयही त्याच विवेकातून आलेली. उष्ट्या, ओलसर पदार्थात अंतर्मुहूर्तात संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात, ही शिकवण मनात असेल, तर मंडपामागे रात्रभर पडून राहणारा ओल्या थाळ्यांचा ढीग हा तिचा सर्वांत मोठा भंग ठरतो. त्या तुलनेत घासलेल्या भांड्यांचे पाणी फार थोडे आहे.

तो ढीग सकाळपर्यंत नुसता पडून राहत नाही. उरलेले अन्न पिशवीत भरून, गाठ मारून बाहेर ठेवले की गाय ती गाठ सोडू शकत नाही. ती पिशवीसकट अन्न गिळते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या, मोठ्या पोटात हे प्लॅस्टिक साचत राहते. ते पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. चाऱ्याला जागा उरत नाही, आणि पोट भरलेले दिसत असतानाच जनावर उपासमारीने झिजत जाते. शस्त्रक्रिया करून अशा पोटांतून अनेक किलोंचे गोळे काढावे लागतात. २०१२ साली हा प्रश्न जनहित याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयापुढेही नेण्यात आला. पांजरपोळ आणि गोशाळा चालविणाऱ्या समाजाला हे सांगावे लागू नये. पांजरपोळास देणगी देणारा हात आणि गाठ मारलेली पिशवी बाहेर ठेवणारा हात पुष्कळदा एकाच घरातला असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लॅस्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवरील बंदीची अधिसूचना काढली. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरावयाच्या निवडक प्लॅस्टिक वस्तूंना बंदी झाली. त्या यादीत थाळ्या, पेले, चमचे, स्ट्रॉ आणि सजावटीचे थर्माकोल तर आहेतच. पण मिठाईच्या खोक्यावरील आणि निमंत्रणपत्रिकेवरील पातळ आवरण, तसेच १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकचे फलकही आहेत. उत्सवसमित्यांनी ही यादी एकदा वाचावी. मंडपवाला आणि भोजनाचा कंत्राटदार ती वाचीत नाही. पाण्याच्या छोट्या बाटल्या मात्र या यादीत नाहीत. सिक्कीम राज्याने २०१६ साली शासकीय बैठकांतून आणि समारंभांतून बाटलीबंद पाणी बंद केले. पाणी गाळून आणि उकळून पिण्याचा आग्रह धरणाऱ्या समाजाच्या व्यासपीठावर बाटल्यांची रांग दिसावी, हे थोडे विचित्रच.

शत्रुंजय तीर्थावर डोंगरावर अन्न न घेण्याची आणि दिवस मावळण्यापूर्वी खाली उतरण्याची मर्यादा फार जुनी आहे. यात्रेकरूस भाता मिळतो तो तळेटीस उतरल्यावर. ही मर्यादा तीर्थाच्या पावित्र्यासाठी घातली गेली. कचऱ्याचा विचार तेव्हा कोणी केला नसेल. तरी डोंगरावर जे नेलेच जात नाही ते पायऱ्यांवर पडतही नाही, हा तिचा परिणाम कोणत्याही स्वच्छता मोहिमेपेक्षा मोठा आहे.

संघाच्या भोजनात भांडी परत आणावयाची असतील, तर अडचण पैशाची कमी आणि माणसांची अधिक आहे. बंद खोलीतील भांडी एकदा मोजून त्यांची यादी फलकावर लावावी लागेल. कमी पडतील तेवढे पेले नव्याने घ्यावे लागतील; प्रारंभ पेल्यांपासून करणे सोपे, कारण त्यांना तेलतूप लागत नाही. उष्टे वेगळे काढण्याचे पिंप, घासण्याचे घमेले आणि गरम पाण्याने खळबळण्याचे तिसरे भांडे, अशी मांडणी मंडपाच्या आराखड्यातच धरावी लागेल, मागाहून जागा शोधून चालणार नाही. आणि घासणाऱ्या भगिनींची मजुरी, हातमोजे व बसण्याचे पाट यांची तरतूद भोजनाच्या अंदाजपत्रकात, फुलांच्या आणि फलकांच्या रकमेच्या वर, पहिल्याच ओळीत लिहावी लागेल. चातुर्मासाच्या भोजनांची बोलणी ज्येष्ठ महिन्यात होतात. तोपर्यंत खोलीची किल्ली कोणाकडे आहे, एवढे तरी निश्चित व्हावे.