चाकातली हवा आणि खरं बोलणारा काटा

 

आज आम्ही बोलणार आहोत चाकातल्या हवेवर. तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? पण आमच्या गटातल्या किती जणी आता गाडी चालवतात ते मोजलं, तर निम्म्याहून जास्त हात वर झाले. कुणी दूध डेअरीवर नेतं, कुणी पॅकहाऊसला कामाला जातं, कुणी सीआरपी म्हणून चार गावं फिरतं, कुणी पोरीला शाळेत सोडतं. आणि आपला रस्ता कसला? डांबरी रस्ता संपला की मुरूम, मुरूम संपला की काळी माती. तेव्हा ही गोष्ट आपल्या हातापायांची आहे.

आधी आमची चूक सांगतो. गेल्या श्रावणात आमच्यातली एक ताई शिवार रस्त्यावर घसरून पडली. मागे तिची जाऊ बसलेली. जावेला खरचटलं, ताईचं मनगट मोडलं. दीड महिना हात गळ्यात. तोडणी नाही, धार काढणं नाही, स्वयंपाकसुद्धा लेकीवर पडला. आणि आम्ही काय केलं? भेटायला गेलो आणि तिलाच बोललो, "हळू चालवायची ना गं, एवढी काय घाई होती?" ती म्हणत राहिली की गाडी हळूच होती, पुढचं चाकच धरत नव्हतं. आम्ही ऐकलं नाही.

पुढे तिच्या दिराने गाडी दुरुस्तीला नेली. मिस्त्रीने हवा मोजली, तर पुढच्या चाकात ३६ पीएसआय. त्या स्कूटरच्या स्टिकरवर पुढच्या चाकाला २२ लिहिलेलं. ताईने पडण्याच्या आदल्या दिवशीच हवा भरून घेतली होती आणि स्वतः उभं राहून "बावीस" सांगितलं होतं. भरणाऱ्याच्या नळीवरचा काटा बावीसच दाखवत होता. म्हणजे ताई खरी होती, हवा भरणाराही खोटं बोलला नव्हता. खोटं बोलला तो काटा. पुढच्या बैठकीत आम्ही ताईची माफी मागितली आणि ठरवलं, की गटाचा स्वतःचा एक गेज घ्यायचा.

आता पीएसआय म्हणजे काय, ते आपल्या भाषेत पाहू. पाण्याची टाकी नळापेक्षा १० मीटर उंच असली, की नळाशी पाण्याचा जो जोर असतो तो साधारण १ किलो. कागदावर त्याला किलो दर चौरस सेंटिमीटर म्हणतात. हाच १ किलो म्हणजे १४.२ पीएसआय. लिहून घ्या: १ किलो बरोबर १४.२ पीएसआय. काही गेजवर बार लिहिलेलं असतं, १ बार म्हणजे १४.५ पीएसआय. ठिबकच्या फिल्टरवर किंवा फवारणीच्या पंपावर जो गोल काटा असतो तो बहुधा किलोत असतो. तो वाचणाऱ्या बाईला चाकाचा काटा वाचणं मुळीच अवघड नाही.

त्या गोल काट्याच्या पोटात असते एक वाकडी पितळी नळी. आत दाब आला की ती थोडी सरळ व्हायला बघते आणि तिला जोडलेला काटा फिरतो. पोरं खेळण्यातली पिपाणी फुंकतात आणि गुंडाळलेला कागद उलगडतो ना, तसंच. फ्रान्समधल्या युजेन बूर्दों यांनी १८४९ साली याचं पेटंट घेतलं, आणि आजही तीच युक्ती चालते. पण ही नळी नाजूक. गेज दगडावर पडला, की ती कायमची वाकते आणि काटा चुकीचं दाखवायला लागतो. हवा भरण्याच्या ठिकाणी नळी दिवसभर जमिनीवर आपटत असते. मग तिथला काटा बिघडला तर नवल काय?

हवा जास्त झाली तर काय होतं? चाक टणक होतं, त्याचा जमिनीला टेकणारा भाग लहान होतो, खडीवर गाडी उडते आणि ओल्या मुरमावर घसरते. कमी झाली तर गाडी जड चालते, पेट्रोल जास्त जातं, टायर तापतो, खड्ड्यात रिम आपटून वाकते. ट्यूब असेल तर ती रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. पंक्चरवाल्याने अशी दोन भोकं दाखवली तर खिळा शोधत बसू नका, हवा कमी होती असं समजा.

आमच्याकडे एका श्रोत्या ताईंचं पत्र आलंय. त्या विचारतात, "माझा मुलगा डर्ट बाईक चालवतो. मातीत जाताना चाकातली हवा काढतो. मग आपणही मातीच्या रस्त्याला हवा काढायची का?" प्रश्न फार चांगला आहे. आपल्या नाशिकला मातीच्या ट्रॅकवरच्या मोटारसायकल शर्यती होत आल्यात. आणि मुलीही यात मागे नाहीत. बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिसे यांनी २०१९ साली बाहा विश्वचषकात महिला गटाचं जेतेपद मिळवलं. या शर्यतींच्या गाड्यांत हवा साधारण १२ ते १५ पीएसआय एवढीच ठेवतात. टायर मऊ राहतो, पसरतो आणि माती धरतो. पण त्या गाडीचा टायर वेगळा, ट्यूब जाड, टायर रिमवर सरकू नये म्हणून आत पकड बसवलेली. त्यावर मागे जाऊ नसते आणि दुधाचे कॅनही नसतात. आपल्या स्कूटरमध्ये १२ हवा ठेवून ओझं घातलं, तर रिम जाईल आणि वळणावर गाडी आपल्याला घेऊन पडेल. म्हणून उत्तर असं: आपण गाडीच्या पुस्तकात किंवा स्टिकरवर दिलेला आकडाच धरायचा. एकटीसाठी वेगळा आणि मागे माणूस असेल तर वेगळा आकडा असतो, तो बघायचा. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा हा टायरची कमाल सोसण्याची मर्यादा असतो. तेवढी हवा भरायची नसते.

पण त्या मुलाकडून एक गोष्ट शिकायची. तो दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास ठेवत नाही, स्वतःचा गेज खिशात ठेवतो.

आता गेज निवडायचा कसा? इथेही आम्ही आधी पैसे घालवले. दुकानात सगळ्यात मोठा, सगळ्यात चकचकीत काटा होता, तो घेतला. घरी येऊन बघतो तर शून्य ते १६० पीएसआय. तो ट्रकचा! त्यात २२ शोधायचं म्हणजे गव्हातली मोहरी. त्यातून शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट, पट्टी किती मोठी आहे ते बघा. काट्याच्या गेजला अचूकतेचे दर्जे असतात. 'बी' दर्जाच्या गेजमध्ये पट्टीच्या मधल्या अर्ध्या भागात चूक पूर्ण पट्टीच्या २ टक्क्यांपर्यंत चालते, दोन्ही टोकांच्या पाव भागांत ३ टक्क्यांपर्यंत. आता हिशोब करू. १६० च्या गेजमध्ये २२ हा आकडा खालच्या टोकाला येतो. १६० चे ३ टक्के म्हणजे जवळजवळ ५ पीएसआय. २२ मध्ये ५ ची चूक म्हणजे रुपयाला चार आणे खोट! तेच शून्य ते ६० चा गेज घेतला, तर १५ ते ४५ हा मधला भाग. आपले २२ आणि ३६ दोन्ही त्यात बसतात. ६० चे २ टक्के म्हणजे सव्वा पीएसआयच्याही आत. आणि पत्र लिहिणाऱ्या ताईंच्या मुलाला १२ ते १५ मोजायचे, तर त्याने शून्य ते ३० चा घ्यावा, तिथे चूक सहा दशांशावर येते. सोन्याचा काटा आणि कांद्याचा काटा एक नसतो, तसंच हे.

दुसरी गोष्ट, काटा शून्यावर आहे का बघा. हातात धरलेला, कशालाही न जोडलेला गेज शून्य दाखवत नसेल तर परत ठेवा.

तिसरी गोष्ट, एकाच चाकाला लागोपाठ तीनदा लावून बघा. तिन्ही वेळा जवळपास तोच आकडा यायला हवा. दरवेळी थोडी हवा सुटते, म्हणून अर्धा-एक कमी झाला तर चालेल. एकदा २२, एकदा २६, एकदा १९ असं आलं तर तो गेज नको.

चौथी गोष्ट, तोंड. स्कूटरचं चाक लहान, व्हॉल्व्हपर्यंत हात जात नाही. म्हणून वाकड्या तोंडाचा किंवा छोट्या नळीचा गेज बरा. लावताना फुस्स आवाज येत राहिला तर नीट बसलेला नाही, आणि आकडा कमी येणार.

पाचवी गोष्ट, आकडा धरून ठेवणारा गेज घ्या, म्हणजे चाकावरून काढल्यावर उजेडात नेऊन वाचता येतो. जास्तीची हवा सोडायचं बटण असेल तर आणखी चांगलं. काट्याभोवती रबराचं कवच असेल तर पडल्यावर मार कमी बसतो.

आता प्रकार. पेनासारखा काडीचा गेज स्वस्त आणि खिशात मावणारा, पण बारीक रेघा वाचायला डोळे चांगले हवेत आणि आत धूळ गेली की काडी अडकते. गोल काट्याचा वाचायला सोपा, सेल लागत नाही, पण आपटायला नको. डिजिटलमध्ये आकडा सरळ दिसतो, अंधारातही दिसतो, पण सेल उतरला की गप्प. आणि एक लक्षात ठेवा, पडद्यावर २२.४ असा दशांश दिसला म्हणजे तो अचूकच असतो असं नाही. चूक करणाराही छातीठोकपणे आकडा सांगू शकतो.

मग खात्री कशी करायची? बाजार समितीतल्या काट्यावर वजनमापे विभागाचा शिक्का असतो ना, तसे गेज तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या प्रयोगशाळाही असतात. आपल्याला प्रत्येक गेजचं प्रमाणपत्र नको, पण ज्या मिस्त्रीकडे तपासलेला गेज आहे त्याच्याकडे आपला गेज जुळवून बघायचा. आमचा १ पीएसआय कमी दाखवतो असं निघालं. आम्ही त्यावर चिठ्ठी चिकटवली, "एक मिळवा". नेहमी एवढंच चुकणारा गेज चालतो. कधी इकडे, कधी तिकडे चुकणारा चालत नाही.

हवा कधी मोजायची? सकाळी, गाडी बाहेर काढायच्या आधी. चाक चाललं की तापतं आणि आकडा वाढतो. आपल्या निफाडकडची डिसेंबरातली पहाट तुम्हाला माहीत आहे, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. तीच दुपारी ऊन चटकतं. दर १० अंशांमागे साधारण १ ते दीड पीएसआयचा फरक पडतो. म्हणून दुपारी तापल्या चाकाची हवा जास्त दिसली म्हणून सोडून देऊ नका, दुसऱ्या दिवशी पहाटे ती कमी निघेल. आठवड्याला एक वार ठरवा. आमचा बैठकीचा वार ठरलाय: सगळ्या गाड्या अंगणात, वहीत गाडीचा नंबर, पुढचं चाक, मागचं चाक. वहीचा फायदा असा, की एखादं चाक दर आठवड्याला दोन-तीनने उतरत असेल तर बारीक पंक्चर आधीच कळतं, रस्त्यात नाही.

गेज कोणाकडे ठेवायचा यावर आमच्यात वाद झाला. एकीने नेला तर आठवडाभर परत येईना. शेवटी तो मनगट मोडलेल्या ताईकडेच ठेवला. वही तीच लिहिते. हात पूर्ण बरा झालाय, पण जड कॅन उचलताना अजून दुखतो म्हणते. बैठकीच्या दिवशी कुणी हवा न मोजता निघाली, तर ती फाटकात उभी राहते आणि जाऊ देत नाही.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात एवढं करा. आपल्या गाडीवरचा स्टिकर शोधा आणि आकडे वहीत लिहा. तीन वेगवेगळ्या ठिकाणी एकाच चाकाची हवा मोजून बघा आणि किती फरक येतो ते आम्हाला कळवा. आणि एखादी ताई म्हणाली की गाडी धरत नव्हती, तर आधी तिचं ऐका, चाक तपासा, आणि मगच बोला.

नमस्कार. सांभाळून चालवा.