सर्पगंधेची मुळी आणि मेंदू

द्वारकेहून निघणारी निळ्या मार्गावरची मेट्रो करोल बागेत थांबते. त्याच वस्तीत हकीम अजमल खान यांचे तिब्बिया महाविद्यालय आहे. १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मेंदूवरील औषधांच्या आधुनिक इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण या आवारात सुरू झाले.

सर्पगंधा हे लहानसे झुडूप सह्याद्रीतही सापडते. बिहारच्या बाजारात त्याची मुळी ‘पागल की दवा’ म्हणून विकली जाई. हकीमसाहेबांच्या पाठबळावर जर्मनीत शिकून आलेले रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी सहकाऱ्यासह तिब्बियात या मुळीचे पृथक्करण केले. १९३१ साली त्यांनी स्फटिकरूप अल्कलॉइडांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि एकाला ‘अजमलीन’ असे नाव दिले. त्याच वर्षी कलकत्त्यातील गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले, की मुळीच्या चूर्णाने रक्तदाब उतरतो आणि उन्मादी रोगी शांत होतात.

येथे एक कोडे उभे राहिले. चूर्णाने रोगी शांत होत. शुद्ध अल्कलॉइडांनी तसा गुण येईना. रसायनशास्त्रज्ञाची नजर स्वभावतःच चकचकीत स्फटिकांकडे जाते, आणि गुण होता तो मागे उरलेल्या राळेसारख्या चिकट गाळात! पुढे भारतीय संशोधकांना त्याचा सुगावा लागला. तरी त्या गाळातून ‘रेसर्पीन’ वेगळे काढले ते बाझेलच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी, १९५२ साली. दरम्यान १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरील निरीक्षणे ब्रिटिश नियतकालिकात छापली होती. पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळीकडे वळले ते प्रामुख्याने त्यामुळे.

१९५४ साली नेथन क्लाइन यांनी न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात रेसर्पीनचे अनुभव मांडले. परंतु या औषधाने काही रक्तदाबाचे रोगी खोल विषण्णतेत बुडाल्याची वृत्तेही येऊ लागली. त्यातला किती दोष औषधाचा, याविषयी पुढे शंका घेतली गेली. मात्र त्या काळी या वृत्तांनी संशोधकांना एका मूलभूत प्रश्नाकडे वळविले : मनाची अवस्था रसायनांवर अवलंबून असते काय?

मज्जापेशी आपली संदेशवाहक द्रव्ये सूक्ष्म पिशव्यांत साठवितात. कोठारात पोती भरणारा हमालच रोखून धरावा, तसे रेसर्पीन या पिशव्या भरणारी यंत्रणा अडविते. बाहेर राहिलेले द्रव्य पेशीतच विघटित होते आणि कोठार रिकामे पडते. १९५५ साली अमेरिकेत ब्रोडी व सहकाऱ्यांनी या औषधाने सिरोटोनिन घटते असे दाखविले. स्वीडनच्या आर्व्हिद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पीन देऊन निश्चल झालेल्या सशांना लेव्होडोपा टोचले, तेव्हा मलूल पडलेले ते प्राणी पुन्हा हालचाल करू लागले. डोपामीन हे मेंदूतील स्वतंत्र संदेशवाहक आहे, हा विचार त्यातून पुढे आला. १९६० मध्ये व्हिएन्नात होर्निकीविच यांना कंपवाताने मृत्यू पावलेल्यांच्या मेंदूत डोपामीनची मोठी उणीव आढळली. त्यानंतर लेव्होडोपा रुग्णांना देण्यात येऊ लागले, आणि आजही कंपवातावरचे ते प्रमुख औषध आहे. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

रेसर्पीन आता क्वचितच वापरले जाते. अजमलीन मात्र हृदयाच्या एका आनुवंशिक विकाराचे निदान करण्यासाठी काही देशांत अजून टोचले जाते.