गिरणीच्या जमिनीचे वाटे

श्रोतेहो, पाटण, जावळी, खटाव, शिराळा या भागांत असे गाव विरळाच, की जिथले कुणी मुंबईच्या कापडगिरणीत गेले नाही. साच्यावर काम करणारा गडी गावकीच्या खोलीत पथारी टाकायचा, खाणावळीत जेवायचा आणि मनिऑर्डर घरी धाडायचा. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. पुढे एकेक गिरणी थंडावली, माणसे गावी परतली. जमीन मात्र जागच्या जागी राहिली आणि तिला सोन्याचे मोल आले. थोडीथोडकी नव्हे, सुमारे सहाशे एकर!

तुम्ही म्हणाल, मालकाची जमीन, मालक काय ते करील. तसे नसते. कारखान्यासाठी नेमलेल्या जागेवर राहती घरे उभारायची, तर नियोजनाची परवानगी लागते, आणि ती देताना सरकारला अटी घालता येतात. १९९१ साली मुंबईच्या नियमावलीत ५८ वा नियम आला, तो असाच. ढोबळ मानाने तीन वाटे : एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला.

२००१ साली त्यात दुरुस्ती झाली : वाटे पाडायचे ते फक्त मोकळ्या जागेचे. शब्द थोडे, पण परिणाम बघा. समजा, नऊ एकरांत तिघे वाटेकरी आहेत. सरळ हिशेबाने प्रत्येकी तीन एकर. आता एकजण म्हणतो, घर, गोठा, खळे यांखालची सहा एकर माझीच. उरलेल्या तिनाचे वाटे करू. मग दोघांना एकेक एकर, आणि त्याला सात! गिरण्यांची बहुतेक जागा शेडखाली होती, हे ध्यानात घ्या.

या दुरुस्तीविरुद्ध पर्यावरणाचे काम करणारी एक संस्था न्यायालयात गेली. २००५ साली उच्च न्यायालयात तिची सरशी झाली. पण ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून दुरुस्ती कायम केली. दुरुस्ती कायदेशीर ठरली खरी. ती शहाणपणाची होती का, हा प्रश्न निराळा. माझ्या मते नव्हती. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी आज झगझगीत बाजार आहे, जुनी चिमणी तेवढी उभी आहे.

म्हाडाच्या वाट्यातून कामगारांसाठी घरे निघाली. २०१२ साली पहिली सोडत झाली, ती ६,९२५ घरांची. अर्जदार लाखाच्या वर. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार त्यास पात्र, आणि तो हयात नसल्यास त्याचा वारस. गुरुजी, तुमच्या गावात जुन्या ट्रंकेत गिरणीचे ओळखपत्र, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, पगाराची पावती पडून असेल, तर ती वाळवीपासून जपायला सांगा.

आता आपल्याकडचे. विकास आराखडा असलेल्या गावात एखाद्या बंद कारखान्याची जागा रहिवासासाठी करायची, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली सूचना निघते आणि हरकतीला एक महिना मिळतो. हरकत कुणालाही घेता येते, जमीन आपली असली पाहिजे असे नाही. ती लेखी द्यावी, सर्व्हे नंबर बिनचूक घालावा, आणि अर्ज पोचल्याची सही आपल्या प्रतीवर घ्यायला विसरू नये.