'चार्ज' शब्दाचे अर्थ व वर्गातील अध्यापन

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



इ. स. २००० पासून आपल्या राज्यात इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. त्यामुळे इंग्रजी शब्दांचा अर्थ उलगडून दाखविण्याचे काम प्रत्येक प्राथमिक शिक्षकाकडे आले आहे. आज मी एकच शब्द विचारार्थ घेतो, तो म्हणजे 'चार्ज'. बदली झाली की आपण शाळेचा चार्ज देतो, घरी मोबाइल चार्ज करतो, वर्तमानपत्रात लाठीचार्जची बातमी वाचतो. हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्याचा अर्थ निराळा शिकवावयास हवा, हेच आपल्या ध्यानी येत नाही.

एका शाळेत सातव्या इयत्तेच्या फळ्यावर 'चार्ज म्हणजे शुल्क' असे लिहिलेले मी पाहिले. अर्थ खोटा नव्हता. परंतु पुढे वाचनात 'टीचर इन चार्ज' हे शब्द येताच एका मुलीने 'शुल्क घेणारे गुरुजी' असा अर्थ सांगितला आणि वर्ग हसला. वास्तविक तिने फळ्यावरील अर्थाचाच प्रामाणिकपणे उपयोग केला होता. असे दोन-तीन प्रसंग घडले की मूल उत्तर देण्याचेच टाळू लागते. हे नुकसान मला गुणपत्रिकेतील नुकसानीपेक्षा मोठे वाटते.

या शब्दाचे कूळ पाहण्यासारखे आहे. लॅटिन भाषेत गाडीला 'कारुस' म्हणत. आपला 'कार' हा शब्दही त्याच घराण्यातला. त्यावरून गाडीत ओझे भरणे या अर्थाचे क्रियापद झाले आणि ते फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले. ही ओझ्याची कल्पना हाती धरली म्हणजे बहुतेक अर्थ आपोआप उलगडतात. अधिकाऱ्यावर जबाबदारीचे ओझे, गिऱ्हाइकावर पैशाचे, आरोपीवर आरोपाचे; बंदुकीत दारू भरावयाची, बॅटरीत वीज. रुग्णालयातून मिळणारा 'डिस्चार्ज' म्हणजे ओझे उतरणेच. मराठीनेही हीच वाट धरली आहे, हे पाहून मौज वाटते : कार्यभार, प्रभारी मुख्याध्यापक, विद्युतप्रभार. मुलांना 'भार' हा शब्द ठाऊक असतो. तेथून आरंभ करावा.

चाल करून जाणे हा अर्थ मात्र या सूत्रात सहज बसत नाही. तो स्वतंत्रपणेच सांगावा. १८५४ साली बालाक्लाव्हाच्या लढाईत इंग्रज घोडदळ रशियन तोफांवर चालून गेले, त्यावरील टेनिसनच्या कवितेच्या शीर्षकात 'चार्ज' आहे तो हाच.

खरी कसोटी शब्दाच्या शेजाऱ्यांची असते. 'चार्ज्ड विथ थेफ्ट' म्हणजे चोरीचा आरोप ठेवलेला. 'चार्ज्ड फॉर द बुक' म्हणजे पुस्तकाचे पैसे आकारले. 'फ्री ऑफ चार्ज' म्हणजे विनामूल्य. सर्वांत फसवी जोडी पुढेच आहे. 'द टीचर इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड' येथे सांभाळणारा शिक्षक. 'द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द टीचर' येथेही सांभाळणारा शिक्षकच. पण वाक्याचा कर्ता मूल झाले आहे. एवढासा 'द' गाळला, तर मूलच शिक्षकाला सांभाळू लागते! (कित्येक वर्गांत वस्तुस्थिती तशी असते, हा भाग निराळा.)

उच्चाराविषयी एकच सूचना : यातील 'च' हा 'चार' मधला आहे, 'चाक' मधला नव्हे, आणि 'ज' हा 'जीव' मधला आहे, 'जहाज' मधला नव्हे.

तेव्हा फळ्यावर शब्दापुढे बरोबरीचे चिन्ह काढून एकच अर्थ लिहिण्याऐवजी शब्दाखाली दोन वाक्ये लिहावीत आणि अर्थ मुलांना ओळखू द्यावा. वेळ थोडा अधिक लागेल. तीन शब्दांऐवजी एकच शब्द होईल, तरी चालेल. पुढील परिषदेसाठी आपण 'ऑर्डर' हा शब्द घेऊ. प्रत्येकाने त्याची निरनिराळ्या अर्थांची तीन वाक्ये, आणि ती वाचून आपल्या वर्गातील मुलांनी दिलेली उत्तरे, चुकलेली उत्तरे वगळू नयेत, अशी लिहून सोबत आणावीत.