छपराच्या पुढचे काम



पदवीदानाच्या दिवशी यशाविषयी बोलण्याची रीत आहे. ती मोडून मी बेघरांविषयी बोलणार आहे, कारण इथे डॉक्टर, वकील, वास्तुरचनाकार, समाजकार्यकर्ते असे सगळेच बसले आहेत आणि हा प्रश्न यांपैकी कुणा एकट्याच्याने सुटणारा नाही. २०११ च्या जनगणनेने देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर मोजले. महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक, मुंबईत ५७ हजारांवर. मोजणी एका रात्रीत उरकलेली, तेव्हा हे आकडे कमीच धरायचे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये निवाऱ्यांबाबत आदेश दिले. पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने एक लाख शहरी लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक कायम निवारा, असे प्रमाण ठरवले. मुंबईची तेव्हाची लोकसंख्या सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे ते प्रमाण तंतोतंत पाळले, तरी साडेबारा हजारांचीच सोय झाली असती. पण आज मला खाटांच्या तुटवड्याहून मोठी वाटणारी अडचण वेगळी आहे. निवारा, औषध, कागदपत्रे आणि काम या चार गोष्टी आपण चार खिडक्यांवर वाटतो, आणि प्रत्येक खिडकी माणसाला आधी दुसरीकडे जाऊन यायला सांगते.

पदपथावरच्या क्षयरुग्णाचा विचार करा. उपचार किमान सहा महिन्यांचे. गोळ्या मिळतात, पण ठेवायच्या कुठे? गाठोडे सोडून नाक्यावर कामाला गेले तर ते चोरीला जाते किंवा पालिकेच्या गाडीत पडते. न गेले तर त्या दिवशीचा रोज बुडतो आणि रिकाम्या पोटी औषध सोसत नाही. शिधापत्रिकेला पत्त्याचा पुरावा हवा आणि जो पुरावा होता तो त्याच गाठोड्यात होता. डॉक्टर लिहितो, ‘रुग्णाने उपचार अर्धवट सोडले.’ वाक्य खरे आहे, निदान मात्र अपुरे. कायद्याच्या स्नातकांनी तर १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यातली भिकाऱ्याची व्याख्या पुन्हा वाचावी. उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा माणूसही तिच्यात बसतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याची अनेक कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली, याचे आश्चर्य वाटू नये.

मग हे सारे एकत्र दिले तर फरक पडतो का? याचा सर्वांत काटेकोर पुरावा कॅनडातला आहे. २००९ ते २०१३ या काळात तिथल्या पाच शहरांत, मानसिक आजार असलेल्या सुमारे दोन हजार बेघरांचे यादृच्छिक पद्धतीने गट पाडले गेले. एका गटाला आधी घर मिळाले, व्यसन सोडण्याची अट न घालता. सोबत नियमित भेटणारा कार्यकर्ता आणि हवे ते उपचार. दुसऱ्या गटाला शहरात एरवी मिळते तेवढीच मदत. अखेरच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातले ६२ टक्के लोक पूर्ण काळ घरात होते, दुसऱ्यातले ३१ टक्के. मात्र आजाराची लक्षणे आणि व्यसन यांत दोन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखीच होती. घराचे समर्थक हा भाग हळूच गाळतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. घर मिळाले म्हणून आजार पळत नाही, आणि आजार आहे म्हणून घर टिकत नाही असेही नाही.

खर्चाचा आक्षेप रास्त आहे. त्याच प्रयोगात अधिक गरज असलेल्यांवर खर्चलेल्या दर १० डॉलरमागे इतर सेवांतले ९.६० डॉलर वाचले. मध्यम गरजेच्या गटात मात्र फक्त ३.४२. तेव्हा सर्वांना सारखीच जड सेवा देणे शहाणपणाचे नाही, मोजूनमापून द्यावी. फुकटाची सवय लागेल म्हणणाऱ्यांना सांगावे, की तिथले रहिवासी उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपर्यंत भाडे भरत होते. आपल्याकडे हे परवडणार नाही, या आक्षेपाला उत्तर चेन्नईत आहे. १९९३ पासून काम करणाऱ्या ‘द बनियन’ने वर्षानुवर्षे संस्थेत अडकलेल्या स्त्रियांसाठी साध्या वस्तीत भाड्याची घरे घेतली. चारपाच जणी एकत्र राहतात, मदतनीस सोबतीला असते. कर्जतची ‘श्रद्धा’ संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोचवते; तिचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या कामासाठी. ज्याला घर आहे त्याने घरी जावे, हे उत्तमच. पण हिंसाचारामुळे घर सोडून आलेल्या बाईला ‘गावी परत जा’ हा सल्ला शिक्षेसारखा आहे. केवळ बेघर आहे किंवा नातेवाईक घेत नाहीत म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. तेव्हा वस्तीतले घर ही आता केवळ दयेची बाब राहिलेली नाही.

आणखी एक म्हणणे नेहमी ऐकू येते, की हे लोक निवाऱ्यात येतच नाहीत. येत नाहीत, कारण बऱ्याचदा तिथे कुटुंबाला एकत्र राहता येत नाही, सामान ठेवता येत नाही आणि कामाचे ठिकाण लांब पडते. वास्तुरचनेच्या स्नातकांनो, ही तुमच्या आराखड्यातली चूक आहे, त्यांच्या स्वभावातली नव्हे.

लवकरच तुमच्यातल्या कुणाच्या तरी टेबलावर ‘कायमचा पत्ता’ हा रकाना कोरा असलेला अर्ज येईल. तो परत करू नका. दवाखान्यात असाल तर घरी सोडण्याआधी समाजसेवा विभागाला बोलवा, वकील असाल तर निवाऱ्याचा पत्ता ग्राह्य धरायला लावा, आणि पुढच्या खिडकीपर्यंत त्या माणसासोबत स्वतः चालत जा.