घाम सुकत नाही तेव्हा

उन्हाळा म्हटला की विदर्भ आठवावा आणि आपल्याला खाडीचा वारा आहे म्हणून आपण उरणकरांनी निर्धास्त राहावे, हा भ्रम होय. १६ एप्रिल २०२३ रोजी शेजारच्या खारघरला, महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभाला आलेली १४ माणसे उष्माघाताने दगावली. दमट हवेत घाम सुकत नाही आणि घाम सुकल्यावाचून अंग निवत नाही. म्हणून पारा चाळिशीच्या आत असूनही घात होतो. तेव्हा सभा-समारंभ सायंकाळी भरवू. बंदरावरच्या, बांधकामावरच्या माणसांना भर दुपारी विसावा देऊ. कोणी बरळू लागल्यास त्याला सावलीत नेऊ, अंगावर पाणी ओतू, वारा घालू आणि तत्काळ दवाखाना गाठू. बेशुद्धाच्या तोंडात मात्र पाणी घालू नये. आज घरी जाताना एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे डोकावून जाऊ या.